आठ बारच्या लूपमध्ये अडकलात? ट्रॅक शेवटापर्यंत नेण्याचा क्रम

लॅपटॉपवर संगीत करणारी मुलंमुली आता लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना सगळीकडे आहेत, आणि सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते: "लूप भारी झालाय, पण पुढं काही सुचंनाच झालंय." लूप म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, आणि बार म्हणजे साधारण चार मात्रांचं एक माप. मग बहुतेकजण चारपैकी एक काहीतरी करतात. नवं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) उतरवतात, रात्रभर ट्यूटोरियल बघतात, तोच लूप पुन्हा पुन्हा मिक्स करतात (आवाज एकमेकांशी जुळवत बसतात), नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांना पाठवून कोण काय म्हणतंय याची वाट बघतात. महिन्याने हार्ड डिस्कवर लूपची संख्या वाढलेली असते, पूर्ण ट्रॅक एकही नसतो, आणि "आपल्याला जमतच नाही" हे मनात पक्कं बसलेलं असतं.

यातली एकही गोष्ट मुळात वाईट नाही. क्रम चुकतो. ट्रॅक बनवणं हे एक काम आणि तो चांगला की वाईट हे ठरवणं हे दुसरं. दोन्ही एकाच बैठकीत केली की दुसरं पहिल्याला उभंच राहू देत नाही. पेरणी चालू असताना कुणी उतारा मोजत नाही. खाली दिलेले टप्पे याच एका गोष्टीभोवती रचले आहेत. संगीत करायचं सॉफ्टवेअर म्हणून तुम्ही एफएल स्टुडिओ वापरा, एबलटन लाइव्ह वापरा की रीपर, क्रम तोच राहतो.

## आधी तपासा: नेमकं काय अडलंय?

"ब्लॉक आलाय" हे वाक्य फार ढोबळ आहे. त्याखाली किमान चार वेगळ्या अडचणी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

कान थकलेत. सलग दोन-तीन तास हेडफोन लावून बसलात की कोणताही आवाज सपाट वाटू लागतो. तासभर सगळं बंद ठेवून परत ऐका. ट्रॅक पुन्हा बरा वाटला तर अडचण कानांची होती, कल्पनेची नव्हती.

हात अपुरा पडतोय. डोक्यात बेसलाइन (खालच्या पट्टीतली धून) ऐकू येते, पण ती सिंथवर (आवाज घडवणाऱ्या वाद्यावर) कशी काढायची ते ठाऊक नाही. ही शिकायची गोष्ट आहे. इथे ट्यूटोरियल चालेल, पण त्या एकाच प्रश्नाचं.

पर्याय जास्त झालेत. किकचे, म्हणजे तालातल्या खालच्या ठोक्याचे, चारशे सॅम्पल (तयार ध्वनी-तुकडे) आहेत आणि प्रत्येक ऐकून बघावासा वाटतो. त्यावर टप्पा ३ आहे.

भीती वाटतेय. ट्रॅक पूर्ण झाला तर लोक ऐकतील, आणि ऐकलं तर बोलतील. पूर्णच झाला नाही तर कुणी काही बोलणार नाही. अशा वेळी मन फार हुशारीने काम लांबवतं. त्यावर टप्पा १ आणि टप्पा ७.

⚠ सावधान: दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, संगीतच काय, कशातच मन लागत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा. ते सर्जनशीलतेचं दुखणं नाही. सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. घरात किंवा मित्रांमध्ये विश्वासाचं एक माणूस गाठून त्यालाही सांगा.

## टप्पा १: शंका कागदावर उतरवा आणि तिचं तपासता येईल असं वाक्य करा

संगणक उघडायच्या आधी वही घ्या. मनात जे चाललंय ते जसंच्या तसं लिहा. बहुधा असलं काहीतरी उतरेल:

- माझा ट्रॅक फालतू आहे.
- असलं संगीत आपल्याकडं कोण ऐकतंय?
- पुण्या-मुंबईच्या पोरांसारखा सेटअप नाही, मग काय उपयोग?
- घरचे म्हणतात, दिवसभर काय टुंगटुंग करायलास?

आता एकेक वाक्य घेऊन विचारा: हे कामाबद्दल आहे, पोटापाण्याबद्दल आहे की माणसांबद्दल? पहिलं कामाबद्दल आहे. चौथ्यामागे बहुतेक वेळा पोटापाण्याचा प्रश्न असतो, आणि तो बेसलाइन बदलून सुटत नाही. तो घरच्यांशी बसून बोलण्याचा विषय आहे: आठवड्यातले किती तास संगीताला, किती कामधंद्याला. ते बोलणं टाळलं की त्याचं ओझं ट्रॅकवर येतं, आणि प्रत्येक ट्रॅकने तुमचं आयुष्य योग्य ठरवून दाखवावं अशी अपेक्षा तुम्ही नकळत धरता. एवढा भार कोणताच ट्रॅक पेलणार नाही.

दुसरं वाक्य मराठवाड्यात फार ऐकू येतं. इथे इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की लोकांसमोर वरातीतला डीजे येतो. तुमचं संथ, थरांचं संगीत ऐकून मामेभाऊ म्हणाला, "याच्यावर नाचता येईना की", तर त्याने खोटं काही सांगितलं नाही. तुमचा ट्रॅक वरातीसाठी नव्हताच. त्याचं वाक्य तुमच्या संगीताचा निकाल म्हणून घेऊ नका. उलट वरातीसाठीच संगीत करत असाल, तर त्याचं हे वाक्य सोन्यासारखं आहे.

जी वाक्यं कामाबद्दलची आहेत, ती आता खोदा. "फालतू आहे" म्हणजे नेमकं काय? एखादं वाक्य असं खाली उतरत जातं:

"फालतू आहे" → "जोर नाही" → "किक ऐकू येत नाही" → "किक आणि बेस एकाच वेळी वाजतात आणि दोघांचाही मुख्य आवाज ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास आहे."

शेवटच्या वाक्यावर लगेच काम करता येतं: बेसचा सूर बदला, त्याची सुरुवात किकनंतर ढकला, नाहीतर साइडचेन लावा, म्हणजे किक वाजताना बेस आपोआप दबेल. पहिल्या वाक्यावर फक्त रडता येतं. वहीतलं प्रत्येक वाक्य इतकं खाली उतरेलच असं नाही. जे उतरत नाही त्याच्यापुढे तारीख टाकून ते तसंच सोडा आणि ट्रॅक पूर्ण झाल्यावर पुन्हा वाचा.

✔ तपासणी: वहीत किमान एक वाक्य असं हवं, ज्याचं उत्तर "हो, दुरुस्त झालं" किंवा "नाही झालं" असं देता येईल.

## टप्पा २: बैठक ठरवा, आणि ऊन-लाईट धरून ठरवा

परदेशी व्हिडिओंमधले सल्ले थंड खोलीतल्या माणसांसाठी असतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आवाज तुटायला लागतो, आणि तुम्हाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. उन्हाळ्यात आवाज घडवायचं आणि मिक्सिंगचं काम पहाटे किंवा रात्री ठेवा. दुपार सॅम्पल निवडायला, फायलींना नावं द्यायला, वहीत लिहायला वापरा.

कूलर चालू ठेवून मिक्स करू नका. कूलरची घरघर खालच्या पट्टीत पसरलेली असते आणि ती तुमचा बेस झाकते. तुम्ही बेस वाढवत जाता, आणि गाडीत लावला की दारं हादरतात. कूलर बंद करणं शक्यच नसेल, तर त्या वेळात फक्त रचना करा. बेसची पातळी ठरवू नका.

लाईटचंही तसंच. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लावा. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घ्या. नव्या सिंथपेक्षा त्याची गरज मोठी आहे. प्रोजेक्टची दुसरी प्रत पेन ड्राइव्ह किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवा. लाईट गेली आणि काम उडालं की माणूस एका रात्रीच्या कष्टाबरोबर महिन्याची उमेदही घालवून बसतो, आणि ती परत मिळवणं अवघड असतं.

बैठक लहान ठेवा. पाऊण तास काम, दहा-पंधरा मिनिटं कानांना विश्रांती. वाळूजला शिफ्ट करणाऱ्याला किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरच्या शेतावर राबणाऱ्याला रोज चार तास मिळणार नाहीत. आठवड्यातून तीन बैठका ठरलेल्या वेळी झाल्या तरी ट्रॅक पुढे सरकतो. प्रत्येक बैठकीचं एकच काम आधी वहीत लिहा: "दुसऱ्या भागाचा बेस", "मधला शांत भाग". "ट्रॅकवर काम" असं लिहू नका, त्याला शेवट नसतो.

⚠ सावधान: आवाज किती मोठा? कामाच्या जागेसाठीचा प्रचलित निकष ८५ डेसिबलला ८ तासांचा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. समोर कुणी साध्या आवाजात बोललं तर ऐकू यावं, एवढ्यावरच बहुतेक वेळ काम करा. कानात शीळ वाजत राहिली तर त्या दिवशी थांबा.

## टप्पा ३: साहित्य आधीच बांधून घ्या

हा टप्पा लोक कंटाळवाणा म्हणून वगळतात, आणि पुढे तिथेच अडकतात.

एक रिकामा प्रोजेक्ट तयार करा आणि तो टेम्पलेट म्हणून जपून ठेवा. त्यात आठच ट्रॅक ठेवा: किक, दुसरा ताल, वरचा ताल, बेस, स्वरांचा थर, मुख्य धून, रेकॉर्ड केलेला आवाज, आणि एक जागा मोकळी. सिंथ एक किंवा दोन. एक रिव्हर्ब (घुमारा), एक डिले (प्रतिध्वनी). किकचे पाच सॅम्पल निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि या ट्रॅकपुरती बाकीची लायब्ररी बंद.

वेग, पट्टी आणि लांबी बैठकीआधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ १२० बीपीएम (मिनिटाला १२० मात्रा), काळी एक, ९६ बार. १२० ला चार मात्रांचा एक बार २ सेकंदांचा होतो, म्हणजे ९६ बार ३ मिनिटं १२ सेकंद. आकडा समोर असला की ट्रॅक कुठे संपतो ते माहीत असतं.

एक तांत्रिक गोष्ट: स्वतः वाजवून रेकॉर्ड करताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला तेवढा बफर सुमारे ३ मिलिसेकंदांचा असतो. नंतर रचना करताना ५१२ किंवा १०२४ करा. जुन्या लॅपटॉपवर आवाज तुटण्याची निम्मी कारणं इथेच मिटतात. जड सिंथ फ्रीज करा (तात्पुरता गोठवून प्रोसेसरचा भार कमी करा) किंवा ऑडिओत बदला. ऑडिओत बदलल्याचा आणखी एक फायदा आहे: नंतर तोच प्रीसेट (सिंथमधला तयार आवाज) उघडून रात्रभर खेळत बसता येत नाही.

✔ तपासणी: टेम्पलेट उघडल्यापासून पहिला आवाज वाजेपर्यंत एका मिनिटाहून जास्त लागत असेल, तर अजून पसारा कमी करा.

## टप्पा ४: एक आवाज आपल्या भोवतालातून घ्या

हे सक्तीचं नाही, पण "माझं संगीत सगळ्यांसारखंच वाटतं" ही शंका असेल तर मी हाच टप्पा आधी करायला सांगेन. तुमचा प्रीसेट जगभरात हजारो लोकांकडे आहे. तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी कुणाकडे नाही.

घेण्यासारखं खूप आहे. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दाबल्यावरचा खटका आणि मग चढत जाणारी घूं. मोंढ्यात पोती पडतानाचा थप्प. पैठणच्या हातमागाचा खटखट ताल. संभाजीनगरच्या पाणचक्कीचं पाणी. आजी दळताना जात्याची घरघर, आणि ओवी म्हणताना दोन ओळींच्या मध्ये येणारा तिचा श्वास.

फोनवर रेकॉर्ड करायचं तर:

1. फोन एअरप्लेन मोडवर टाका.
2. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडा. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट काढणारी सोय बंद होत असेल तर करा. ती सोय ठोक्यानंतरची घुमक खाऊन टाकते.
3. मोठ्या आवाजापासून दोन-तीन हात लांब उभे राहा. मीटर लाल होत असेल तर आणखी मागे.
4. वाऱ्याकडे पाठ करा आणि फोन छातीपाशी आडोशाला धरा.
5. शेवटी काहीही न बोलता पंधरा-वीस सेकंद नुसता तिथला भोवताल घ्या. मधल्या शांत भागाखाली तो फार कामाला येतो.

संबळ किंवा हलगी घेणार असाल तर दोन चुका हमखास होतात. पहिली ग्रिडची, म्हणजे स्क्रीनवरच्या मात्रांच्या रेघांची. सहा मात्रांच्या अंगाने जाणारा ठेका तुम्ही चार मात्रांच्या, सोळा भागांच्या ग्रिडवर खेचून बसवता, आणि त्याची चालच मोडते. ग्रिड ट्रिपलेटवर (तीन-तीन भागांवर) टाका, किंवा प्रोजेक्टच सहाच्या मात्रेत ठेवा. दुसरी चूक क्वांटाइझची, म्हणजे ठोके आपोआप ग्रिडवर बसवण्याची. माणूस क्लिक ऐकून वाजवत नाही, त्याचा वेग श्वासाबरोबर थोडा पुढे-मागे होतो. रेकॉर्डिंगचे ठोक्यागणिक तुकडे करा, प्रत्येक आवर्तनाची सम तेवढी ग्रिडवर आणा, मधले ठोके शक्यतो जागेवर सोडा. क्वांटाइझ करायचंच असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास थांबा. संबळाच्या जोडीतला एक आवाज उंच, टणक असतो आणि दुसरा खाली घुमणारा. घुमणारा तुमच्या किकशी भांडेल. एक तर त्याचा खालचा भाग कापा, नाहीतर किकच काढून टाका आणि संबळालाच ती जागा द्या. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो.

⚠ सावधान: गोंधळी, आराधी, पोतराज, कुणाचंही वादन घेण्याआधी विचारा, कशासाठी हवंय ते सांगा, मोबदला ठरवा आणि श्रेयात नाव कसं हवं ते विचारून घ्या. परंपरेचं गाणं सगळ्यांचं असलं तरी ते वाजवणाऱ्याच्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ तो मान्य करतो. यूट्यूबवरच्या रेकॉर्डिंगमधून तुकडा उचलणं हाही त्याच कायद्याचा प्रश्न आहे. होकार फोनवरच्या आवाजात किंवा साध्या कागदावर नोंदवून ठेवा.

## टप्पा ५: लूपपासून शेवटापर्यंत एका दमात

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, म्हणून इथे जरा थांबू.

लूप बनवताना तुम्ही थर चढवत जाता. आठव्या बारला सगळं भरलेलं असतं, आणि भरलेल्यात "पुढं काय" सुचणं अवघडच आहे, कारण जागाच उरलेली नसते. म्हणून उलटं करा. पूर्ण भरलेला लूप ९६ बारभर कॉपी करा आणि मग काढत जा.

एक साधी विभागणी:

1. बार १ ते १६, सुरुवात. फक्त भोवतालाचा आवाज आणि वरचा ताल. नवव्या बारला बेसची चाहूल.
2. बार १७ ते ४०, पहिला भाग. किक आणि बेस येतात. मुख्य धून अजून नाही, किंवा अर्धीच.
3. बार ४१ ते ४८, मधला शांत भाग. किक जाते, बेस जातो. स्वरांचा थर आणि तुमचं रेकॉर्डिंग उघडं पडतं.
4. बार ४९ ते ८०, दुसरा भाग. सगळं परत येतं, आणि पहिल्या भागात नसलेली एक गोष्ट जास्तीची येते.
5. बार ८१ ते ९६, शेवट. आले त्या क्रमाने नको, दुसऱ्या क्रमाने आवाज काढा.

ही विभागणी पवित्र नाही. तुमच्या आवडत्या तीन मिनिटांच्या ट्रॅकचे भाग सेकंदांत मोजा आणि तीच वापरलीत तरी चालेल. पहिल्या वेळी मात्र विभागणी स्वतः शोधत बसू नका. आधी कुठलीतरी घ्या, भरा, मग मोडा.

या बैठकीचे तीन नियम आहेत. ध्वनीची पातळी सोडून मिक्सिंगचं काहीही उघडायचं नाही. मागे जाऊन ऐकायचं नाही. पुढचा भाग जोडायला लागतात तेवढे चार बार ऐका. एखादी जागा सुचत नसेल तर तिथे रिकामी क्लिप टाकून तिला नाव द्या, "इथं धून हवी", आणि पुढे चला.

आठ बारमागे किमान एक बदल असू द्या. बदल मोठा लागत नाही: हाय-हॅटचा (वरच्या तालातल्या झांजेचा) एक ठोका वगळणं, फिल्टर थोडा उघडणं, बारच्या शेवटी अर्धी मात्रा शांतता. नव्या माणसाला वाटतं बदल म्हणजे नवा थर. ट्रॅक बहुतेक वेळा थर काढल्याने पुढे जातो.

काहीच सुचेना झालं तर तीन गोष्टी हाताशी ठेवा. धून कीबोर्डवर शोधू नका, तोंडाने गुणगुणा, फोनवर घ्या, मग वाजवा. बोटं सवयीच्या जागी जातात, गळा नाही. दुसरं, लूपमधला सगळ्यात लाडका आवाज म्यूट करून बघा. बऱ्याचदा त्यानेच बाकीच्यांची वाट अडवलेली असते. तिसरं, वेग दहा बीपीएमने कमी करा आणि एक आवर्तन ऐका. घाईत दडलेली रिकामी जागा दिसते.

✔ तपासणी: बार १ पासून ९६ पर्यंत न थांबता वाजतो का? कसा वाजतो हे आज विचारायचं नाही. वाजत असेल तर एक्स्पोर्ट करा, फाइलच्या नावात तारीख घाला, लॅपटॉप बंद करा.

## टप्पा ६: दोन दिवस थांबा, मग एकदाच ऐका आणि लिहा

दोन दिवस फाइलला हात लावू नका. ती कुणाला पाठवूही नका.

मग ट्रॅक फोनवर घ्या आणि लॅपटॉपपासून लांब ऐका: गच्चीवर, एसटीत, शेताच्या वाटेवर. स्क्रीन समोर असली की डोळे पुढचा भाग आधीच सांगतात आणि कान आळशी होतात. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा वेळेसह लिहा: "०:४८ कंटाळा", "१:२२ बेस गायब", "२:१० इथे छान, पण लवकर संपलं." चांगलं वाटलं तेही लिहा. फक्त चुकांची यादी केलीत तर चुका दुरुस्त करता करता ट्रॅकचा जीव असलेली जागाच पुसून टाकाल.

यादी दोन भागांत फोडा. रचनेच्या गोष्टी आधी, आवाजाच्या नंतर. लांबी चुकलेल्या भागाचा इक्वलायझर नीट करणं म्हणजे वेळ वाया.

रचना पक्की झाली की मिक्स. तुलनेसाठी त्याच धाटणीचा एक तयार ट्रॅक प्रोजेक्टमध्ये घ्या. इथे एक मोठी फसगत होते. बाजारातला ट्रॅक मास्टर केलेला (प्रसिद्धीआधी अखेरचा हात फिरवलेला) असतो, म्हणून मोठा वाजतो, आणि कानाला मोठा आवाज नेहमी सरस वाटतो. तुम्ही तुमचा कच्चा मिक्स त्याच्याशेजारी वाजवता आणि खचता. तुलनेआधी त्या ट्रॅकची पातळी इतकी खाली आणा की दोन्ही सारखे मोठे वाटतील. मग ऐका. राहिलेला फरक खरा फरक आहे, आणि तो बहुधा भीती होती त्याहून बराच कमी निघतो.

आपल्याकडे बहुतेक लोक फोनच्या स्पीकरवर ऐकतात. तिथे दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच पोचत नाही. बेस तिथे हरवत असेल तर पातळी वाढवून उपयोग नाही. थोडं सॅच्युरेशन (हलका खरखरीतपणा) देऊन त्याचे वरचे उपस्वर काढा. मास्टरसाठी स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आवाज समान करतो, आणि शिखर उणे १ डीबीच्या खाली ठेवलेलं बरं. नाचाचा ट्रॅक याहून मोठा असू शकतो. पण केवळ मोठा करण्यासाठी लिमिटर (शिखरं दाबणारं साधन) दाबत गेलात तर किकचा ठोसा पहिला मरतो.

⚠ सावधान: दुरुस्तीच्या फेऱ्या तीन. त्यानंतर फाइल फक्त बदलते, सुधारत नाही. प्रत्येक फेरीला वेगळ्या नावाने सेव्ह करा. पहिलीच बरी होती असं कळलं तर परत जाता आलं पाहिजे.

## टप्पा ७: कुणाला ऐकवायचं आणि काय विचारायचं

दहा जणांच्या ग्रुपवर टाकून "कसं वाटलं?" विचारलंत तर तीन अंगठे, दोन "भारी भावा" आणि पाच जणांची शांतता मिळेल. शांततेचा अर्थ तुम्ही रात्री वाईटच लावणार. ते पाचजण कदाचित कामात होते.

तीन माणसं निवडा. एक संगीत करणारं, जे खरं बोलेल. एक त्या धाटणीचं संगीत आवडीने ऐकणारं, पण न करणारं. आणि एक असं, ज्याला या संगीताची ओळख नाही पण कान चांगला आहे. भजनी मंडळात पखवाज वाजवणारे काका यासाठी उत्तम. त्यांना सिंथ कळणार नाही, पण लय कुठे लटपटली ते अचूक सांगतील. काकांना फाइल पाठवू नका. घरी जा, समोर बसून ऐकवा.

प्रश्न नेमके विचारा:

- कुठे लक्ष दुसरीकडे गेलं?
- कोणता आवाज लक्षात राहिला?
- कुठे संपेल असं वाटलं आणि संपलं नाही?

"आवडलं का?" विचारू नका. त्याचं उत्तर नात्यावर ठरतं. उत्तर मिळताना आपली बाजू मांडू नका, "ते मुद्दाम केलंय" म्हणू नका. फक्त लिहून घ्या. तिघांपैकी दोघांनी एकच जागा दाखवली तर ती जागा बदला. एकट्यानेच सांगितलं असेल तर स्वतः पुन्हा ऐकून ठरवा. त्यांनी सांगितलेला उपाय मात्र घेतलाच पाहिजे असं नाही. "इथं ढोल टाक" म्हणणाऱ्याला तिथे काहीतरी कमी वाटलं, एवढंच खरं. काय टाकायचं ते तुमचं.

आणि कुणी मनापासून लांबलचक सांगितलं तर त्यांचे आभार माना. आपल्याकडे असं ऐकणारी माणसं थोडी आहेत, ती टिकवायला हवीत.

## टप्पा ८: बाहेर काढा आणि फाइल मिटवा

स्ट्रीमिंगवर ट्रॅक टाकायला वितरक सेवा, म्हणजे तो त्या अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी, लागते. कव्हरचं चौकोनी चित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचं ठेवा. आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख) बहुतेक वितरक स्वतः देतात. तारीख किमान दोन-तीन आठवडे पुढची टाका, म्हणजे नावातली चूक, श्रेयातलं राहिलेलं नाव दुरुस्त करायला वेळ राहतो. संबळवाल्यांचं नाव ठरलं तसंच लिहिलंय का ते पाहा. नियमित रचना प्रसिद्ध करणार असाल तर आयपीआरएस या रचनाकारांच्या हक्क संस्थेच्या सभासदत्वाची माहिती काढून ठेवा. रचनेच्या सार्वजनिक वापराचं मानधन त्या मार्गाने येतं.

ऐकणाऱ्यांचे आकडे पहिल्या आठवड्यात रोज बघू नका. आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवा.

प्रोजेक्टचे सगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फायलींत काढा, वहीच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये घाला आणि फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवा. कामाच्या लॅपटॉपवर ती प्रोजेक्ट फाइल ठेवू नका, नाहीतर किक जराशी वर करायला पुन्हा उघडाल. टप्पा १ मध्ये तारीख टाकून सोडलेली वाक्यं आता वाचा. जी अजून खरी वाटतात, त्यातलं एक पुढच्या ट्रॅकच्या पहिल्या पानावर उतरवा आणि टेम्पलेट उघडा.